लेकीला बडोदा आणि शांतिनिकेतन दोन्हीकडं ॲडमिशन लागलंय, कुठं पाठवू?

खिळेवाला
शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी रहिमतपूरचा. इथं एरवी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमचा छापखाना आहे, वडलांनी काढलेला. आता छापखाना म्हणजे काय, कॉम्प्युटरवर डिझाईन करायचं आणि साताऱ्याहून छापून आणायचं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेची कार्डं. पण मागच्या खोलीत जुनं ट्रेडल, पायानं चालवायचं छपाईचं मशीन, अजून आहे आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्ट्या अक्षरांच्या, खणाखणाच्या केसी पण आहेत, वडील विकू देत नाहीत, भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो. थोरली लेक त्याच खोलीत वाढली. बाराखडी यायच्या आधी तिला उलटी अक्षरं वाचता यायची, कारण खिळ्यावर अक्षर उलटंच असतं ना. शाळेत बाईंनी बोलावून सांगितलेलं की पोरगी आरशातलं लिहिते, डॉक्टरला दाखवा. काय दाखवता.

तर तिनं पुण्यात चार वर्षं पेंटिंग केलं आणि आता तिला प्रिंटमेकिंगच करायचंय, म्हणजे चित्र आधी ठशावर करायचं आणि मग कागदावर छापायचं, लिथो, एचिंग, वुडकट असलं. दोन ठिकाणी परीक्षा दिल्या, फायली दाखवल्या, इंटरव्ह्यू झाले आणि दोन्हीकडं नाव लागलं. एक बडोद्याची फाईन आर्ट्स फॅकल्टी, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, आणि दुसरं शांतिनिकेतनचं कलाभवन, विश्वभारतीचं. दोन्ही दोन दोन वर्षांचे कोर्स. बडोद्याची फी बुधवारपर्यंत भरायचीय, शांतिनिकेतनची त्याच शुक्रवारपर्यंत.

फीचं फार नाही, दोन्हीकडची फी पुण्यातल्या खाजगी कॉलेजांच्या मानानं किरकोळच वाटली मला. पण वडील ८४ चे आहेत, जिना चढत नाहीत आता, आणि पोरगी त्यांचा जीव की प्राण. आमच्या मंडळींचं म्हणणं बडोदा जवळ, तिथं आपली माणसं. लेक काहीच बोलत नाही, "तुम्ही ठरवा" म्हणते, आणि ती असं म्हणाली की मला धडकी भरते.

माझं स्वतःचं मत बडोद्याकडं आहे हे आधीच सांगून टाकतो. पण मला चित्रातलं कळतं ते एवढंच की लहानपणी तिला औंधला नेलं होतं, यमाईचं दर्शन झालं की म्युझियम, तिथं रविवर्म्याच्या चित्रापुढनं हलेना. जाणकारांनी सांगा.

अजिंक्यतारा_व्ह्यू
शुक्रवार, रात्री १०:३१

यात विचारायचं काय? बडोदा. सातारा स्टेशनवरनं थेट गाडी आहे, कोल्हापूर-अहमदाबाद, आठवड्यातनं एकदा, शिवाय म्हैसूर-अजमेर पण बडोद्यावरनंच जाते. गाडीत बसवून दिली की उठल्यावर पोहोचली. शांतिनिकेतनला आधी पुण्याला जा, मग संध्याकाळी आझाद हिंद धरा, दोन रात्री काढून हावडा, मग तिथनं परत बोलपूरची गाडी अडीच-तीन तास. आजोबांचं काही कमीजास्त झालं तर पोरगी पोहोचणार कधी?

बडोद्याची_वहिनी
शुक्रवार, रात्री ११:०५

दादा, मी माहेरची कोरेगावची, लग्न होऊन बडोद्यात आले त्याला २२ वर्षं झाली. बिनधास्त पाठवा पोरीला. इथं अर्धं जुनं शहर आडनावानं मराठी आहे, बोलतात गुजराती पण घरात आमटीच शिजते. गणपती असा बसतो की पुण्याच्या माणसानं गप्प बसावं. सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातनं दत्तक आले आणि १८७५ ला गादीवर बसले, त्यांनी इथं केलं काय नाही ते विचारा. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. हो, इथं पण कलाभवनच होतं, १८९० चं, शांतिनिकेतनवाल्यांच्या आधीचं, पुढं त्याचंच इंजिनिअरिंग कॉलेज झालं.

विद्यापीठ १९४९ चं, पहिल्या कुलगुरू बाईच होत्या, हंसा मेहता. फाईन आर्ट्स त्यानंतर वर्षभरात सुरू झालं. स्टेशनपासून जवळच आहे, सयाजीगंजातच, रात्री-अपरात्री गाडी आली तरी काळजी नाही. नवरात्रात नऊ दिवस पोरी रात्री दोनला एकट्या गरबा खेळून येतात हे मी स्वतः बघते.

एकच सांगते, खोली घ्याल तर तळमजल्यावर घेऊ नका. विश्वामित्री नदी शहराच्या मधनं जाते आणि २०२४ च्या ऑगस्टमधे असं पाणी भरलं की लोक गच्चीवर होते, त्यात नदीत मगरी आहेत. घाबरवत नाहीये, पहिला मजला बघा एवढंच. आणि रविवारी आमच्याकडं जेवायला.

माणदेशी_गडी
शनिवार, सकाळी ७:२०

राग मानू नका पण चित्रं काढून पुढं करायचं काय? आमच्या गावात एकजण आर्ट टीचर डिप्लोमा करून बसलाय, चित्रकलेच्या शिक्षकाची भरतीच निघंना. एलिमेंट्री इंटरमिजिएटच्या परीक्षांचे क्लास घेतो बिचारा. दोन वर्षं आणि दोन हजार किलोमीटर घालवून परत रहिमतपुरातच पत्रिका छापायच्या असतील तर आत्ताच छापा की.

खमंग_शेंगोळी
शनिवार, सकाळी ७:४४

@माणदेशी_गडी सकाळी सकाळी चहा मिळाला नाही वाटतं.

काळी_शाई
शनिवार, सकाळी ९:१०

खिळेवाले काका, मी प्रिंटमेकर आहे, मूळ वाईची. या दोन्हीपैकी कुठेच शिकले नाही, पण दोन्हीकडच्या लोकांबरोबर काम केलंय त्यामुळे मला कुणाची बाजू घ्यायची नाही. जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट, ही दोन घरं एकमेकांना परकी नाहीत. बडोद्यात शिल्पकलेचा विभाग ज्यांनी उभा केला ते शंखो चौधुरी शांतिनिकेतनचे, रामकिंकर बैज यांचे विद्यार्थी. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन तर दोन्हीकडे नांदले. शांतिनिकेतनात शिकले, १९५१ पासून बडोद्यात शिकवलं, १९८० ला परत शांतिनिकेतनला गेले, म्हातारपणी पुन्हा बडोद्याला आले आणि २०१६ ला तिथेच गेले. आणि बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, भिंतींवर चित्रं कुणाची आहेत? नंदलाल बोस यांची. शांतिनिकेतनच्या मास्टरमोशायना, म्हणजे मास्तरांना, सयाजीरावांनी बोलावून घेतलं होतं. त्यामुळे एकीकडे गेली म्हणून दुसरं हातातनं गेलं असं नाही.

फरक आहे तो वळणाचा. बडोदा हे शहर आहे. मुलं दिवसभर कट्ट्यावर भांडतात, कोण काय दाखवतंय, कुठल्या गॅलरीत काय लागलंय. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, बडोद्याला आले आणि तिथल्या संगतीत चित्रकार झाले. गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट हे सगळे त्याच आवारातले. ज्योतीभाई प्रिंटमेकर, न्यूयॉर्कला प्रॅट इन्स्टिट्यूटमधे शिकून आले आणि मग कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यातल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या टिपत हिंडले. बोलायला, वाद घालायला, स्वतःचं काम समजावून सांगायला शिकायचं असेल तर बडोदा. मुंबई पाच-सहा तासांवर आहे ही पण साधी गोष्ट नाही, चित्रं विकली जातात ती तिकडे.

शांतिनिकेतनला वेग वेगळा आहे. १९१९ चं कलाभवन. झाडाखाली बसतात हे फोटोतलं सोडा, पण चालताना पायाखाली आणि भिंतीवर काम दिसतं. सीनियर मुलांचं एक जुनं होस्टेल आहे, मातीच्या भिंती, वर डांबर, त्यावर उठावाची चित्रं, विद्यार्थी आणि मास्तरांनी मिळून केलेली. रामकिंकरांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प १९३८ चं, सिमेंटमधे तिथलीच लाल खडी कालवून केलेलं. संगमरवर आणायला पैसे कुठले, जे अंगणात होतं ते घेतलं. आणि प्रिंटचं म्हणाल तर काठी घेतलेले गांधीजी, काळ्यावर पांढरे, आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेलं चित्र, तो नंदलालांचा १९३० चा लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेला. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या लहान मुलांच्या वाचनाच्या पुस्तकाला पण त्यांनी लिनोकट करून दिले. काका, तुम्ही छपाईवाले, तुम्हाला कळेल. लिनो ब्लॉक थेट खिळ्यांबरोबर फर्म्यात, छपाईच्या चौकटीत, बसतो, मोठा चित्रकार अंकलिपीसाठी ब्लॉक कोरतो तेव्हा चित्र म्हणजे भिंतीवरची वस्तू राहात नाही. नंतर सोमनाथ होर तिथे ग्राफिक्सला, म्हणजे प्रिंटमेकिंगलाच, होते. त्यांनी कागदाच्या लगद्यात जखमा छापल्या, पांढऱ्यावर पांढऱ्या, शाईच नाही. मी त्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा बोट लावायला हात पुढे गेला आणि गार्ड ओरडला.

आता कामाचं. पोरीला हे विचारायला सांगा, ऑफिसात नाही, तिथल्या सेकंड इयरच्या मुलांना: प्रेसवर आठवड्यात किती तास मिळतात, रात्री स्टुडिओ उघडा असतो का, झिंकची प्लेट आणि कागद स्वतःच्या पैशानं का विभागाकडून, ॲसिडच्या खोलीत हवा खेळती आहे का. मी जिथे शिकले (नाव घेत नाही) तिथे प्रेस अप्रतिम होती आणि किल्ली ज्यांच्याकडे ते साडेपाचला घरी जायचे. दोन वर्षांत माझे जेमतेम नऊ प्रिंट झाले.

@माणदेशी_गडी तुमचा प्रश्न खोटा नाही. पण एमएफए केल्यावर नेट देऊन कॉलेजात शिकवता येतं, प्रिंट स्टुडिओ चालवता येतो, म्युझियमात, डिझाईनमधे लोक जातात. श्रीमंत होत नाहीत हे खरं.

खिळेवाला
शनिवार, सकाळी ११:५०

ताई, तुमचं दोनदा वाचलं आणि वडलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लिनोचा ब्लॉक फर्म्यात बसतो हे ऐकून म्हणाले "मग बसतोच की, मी ७२ च्या दुष्काळात बैलाचा ब्लॉक कोरून घेतलेला, चाराछावणीच्या पावत्यांवर." हे मला ५१ वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं.

रविवर्म्यावरनं पण निघालं. त्यांनी छापखाना काढला होता हे वडलांना माहीत होतं, आधी मुंबईत १८९४ ला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला. दगडावर चित्र काढून एकेका रंगाला एकेक दगड. वडील म्हणतात आपल्या देवघरातली लक्ष्मी म्हणजे त्याच दगडांची नात. तेव्हा लिथोचा दगड काय असतो हे घरात सगळ्यांना कळालं, कुठं पाठवायचं ते तेवढं कळालं नाही.

वहिनी, तुमच्या जेवणाच्या निमंत्रणानं मंडळी खूश आहेत. बडोद्याचं पारडं जड झालं त्यामुळं.

काळे_बोलपूरवाले
शनिवार, दुपारी ३:१५

सांगलीचा आहे, विश्वभारतीत पीएचडीला पाच वर्षं काढली, कलाभवन नाही पण सायकल रोज तिथूनच जायची.

खरं खरं सांगतो. पहिले तीन महिने रडायला येतं. भाषा कळत नाही, जेवणात सरसूचं तेल, शाकाहारी असाल तर बटाटा आणि खसखस, खसखस आणि बटाटा. सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते, काचेच्या मंदिरात उपासना असते म्हणून. म्हणजे घरच्यांचा रविवारचा फोन तुमच्या वर्गात वाजतो. उन्हाळा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. माती लाल, कासच्या पठारावर जांभा असतो तसलीच, पांढरा शर्ट विसरा.

मग कधीतरी हिवाळा येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला नंदलालांच्या वाढदिवसाच्या आधी कलाभवनाची मुलं नंदन मेळा भरवतात, स्वतः केलेलं काम स्वतः विकतात, त्या पैशातून अडलेल्या विद्यार्थ्यांना मदत होते. मी तिथून ५० रुपयांना घेतलेला वुडकट अजून सांगलीच्या घरात लावलाय, बायको म्हणते हे माकड कशाला, ते माकड नाही बाऊल आहे, तिकडचा गात हिंडणारा फकीर. पौष मेळ्यात बाऊल रात्रभर गातात. आपल्याकडं वारीत कसं कोण कुणाचा माहीत नसतो आणि तरी पाणी देतात, तसं.

२०२३ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं तेव्हापासनं शनिवार-रविवारी कलकत्त्याची गर्दी मात्र फार. टोटोवाले (तिकडं ई-रिक्षाला टोटो म्हणतात) भाव वाढवून सांगतात.

आणि मराठी माणूस तिथं नवीन नाही. विनायक मासोजी नंदलालांकडं शिकले आणि मग तिथंच शिकवायला राहिले. फक्त नाव सोडून द्यायची तयारी ठेवा. बंगालीत ळ नाही. पाच वर्षं मी काले होतो. कोल्हापूरला "कोलापूर" म्हणायचे ते मी सोडून दिलं पण "काले" काही पचलं नाही.

खमंग_शेंगोळी
शनिवार, दुपारी ३:४०

गोरे असतात तर प्रश्नच मिटला असता 😄

सेतूवाला
शनिवार, संध्याकाळी ६:०२

सगळे चित्रावर बोलताय, कागदांचं कोणी बघणार का. मी रोज हेच करतो म्हणून लिहितो.

ओबीसीतनं फॉर्म भरला असेल तर विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथं महाराष्ट्राच्या नमुन्यातला दाखला चालत नाही, केंद्राच्या फॉरमॅटमधला नॉन क्रिमीलेअर लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. बडोदा राज्य विद्यापीठ, तिथं बाहेरच्या राज्याचा उमेदवार ओपनमधेच धरला जातो, त्यामुळं तिथं या दाखल्याचा उपयोग नाही. राजर्षी शाहू फी सवलत महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी आहे, बाहेर गेलं की ती विसरा.

दुसरं, पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला, आजच टाका. ते एकच मिळतं, एकाच ठिकाणी जातं, त्यामुळं ज्या ठिकाणी नक्की तिथंच द्या. ओरिजिनल मार्कशीट मात्र कुणी ठेवून घ्यायची नाही, २०१८ ला यूजीसीनं स्पष्ट लिहिलंय, बघून परत द्यायची, स्वसाक्षांकित झेरॉक्स ठेवायची. त्याच पत्रकात फी परतीचं कोष्टक आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी नाव काढलं तर जवळजवळ पूर्ण, नंतर ९० टक्के, ८०, ५० असं उतरत जातं आणि ३० दिवस होऊन गेले की काही नाही. त्यानंतर यूजीसीनं काही वर्षी जास्त सवलतीच्या तारखा पण काढल्यात, त्या वर्षीचं पत्रक बघा.

म्हणजे बुधवारी बडोद्याची भरून ठेवायला हरकत नाही, डोकं शांत ठेवून शुक्रवारपर्यंत ठरवा. रद्द करायचं तर ईमेलवर, तारीख दिसेल असं. फोनवर नाही.

अजिंक्यतारा_व्ह्यू
शनिवार, संध्याकाळी ६:३०

सेतूवाले भाऊ कामाचं बोलले. पण माझं मत बडोदाच. शिवाय सेव उसळ.

बडोद्याची_वहिनी
शनिवार, संध्याकाळी ६:५५

सेव उसळ म्हणजे आपलीच उसळ, गुजरातेत येऊन शेव घालून बसली एवढंच.

खमंग_शेंगोळी
शनिवार, संध्याकाळी ६:५८

मिसळीचा अपमान सहन केला जाणार नाही. धागा भरकटवतोय, सॉरी काका. एक विचारतो, पोरीला कुणी विचारलं का?

खिळेवाला
रविवार, सकाळी ६:४०

विचारलं. म्हणजे मी नाही विचारलं, हा धागाच तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं वाच. रात्री अकराला दिला, एकपर्यंत तिच्या खोलीत लाईट होता. सकाळी म्हणाली मी लिहू का तुमच्या खात्यातनं. खाली तिनं लिहिलंय, मी फक्त पाठवतोय. वाचलेलं नाही अजून.

"नमस्कार. मी ती उलटी अक्षरं वाचणारी.

सगळ्यांना थँक्यू, एवढे अनोळखी लोक माझ्यासाठी ट्रेनचं टाईमटेबल काढतायत हे बघून कसंतरीच झालं. काळी शाई ताई, तुमचे चारही प्रश्न मी दोन्हीकडच्या मुलांना विचारलेत. उत्तरं साधारण सारखीच आली, उन्नीस-बीस. त्यामुळे त्यावरनं ठरेना.

बाबांना वाटतं मी गप्प बसते कारण मला शांतिनिकेतन पाहिजे आणि बोलायची भीती वाटते. तसं नाहीये. मला बडोदा मनापासून आवडलं. इंटरव्ह्यूत सरांनी माझा एक वुडकट उलटा धरला आणि विचारलं की ब्लॉकवर हे असं दिसत होतं का, मी हो म्हटलं, म्हणाले मग तू कुठलं चित्र काढलंस, हे का ते? मी अजून त्याचं उत्तर शोधतेय. असा माणूस रोज समोर असेल तर काय पाहिजे अजून.

माझा प्रॉब्लेम तुम्ही सगळे ज्याला फायदा म्हणताय तोच आहे. थेट गाडी. पुण्यात चार वर्षं होते तर दर दुसऱ्या शुक्रवारी स्वारगेटवरनं एसटी धरून घरी. कुणी बोलवायचं नाही, मीच यायचे. लग्नसराईत बाबांना प्रूफ बघायला माणूस नसतो म्हणून, आबांचे पाय दुखतात म्हणून, काही नाही तर धाकटीचा पेपर आहे म्हणून. शेवटच्या वर्षी आमचा डिस्प्ले सोमवारी होता आणि मी रविवारी दुपारी दोनपर्यंत रहिमतपुरात एका पत्रिकेतलं आत्याबाईंचं नाव दुरुस्त करत होते. चार प्रिंट लावायचे होते, तीन लागले. घरी कुणाला सांगितलं नाही कारण चूक माझीच होती.

बडोद्याला गेले तर मी परत येत राहणार, स्वतःला ओळखते मी. पहाटे पोहोचायचं, दोन दिवस राहायचं, रात्री परत. आणि दोन वर्षं संपतील.

त्यामुळे मला एवढं लांब जायचंय की ठरवलं तरी येता येणार नाही. हे असं सांगायला लाज वाटते. आणि आबांचं काही झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू ते पण माहीत नाही. म्हणून 'तुम्ही ठरवा'."

काळी_शाई
रविवार, सकाळी ८:२५

अगं पोरी.

माणदेशी_गडी
रविवार, सकाळी ८:५०

मी वर जे लिहिलं ते मागं घेत नाही पण पोरगी शहाणी आहे. आमचा थोरला पुण्यात नोकरीला आहे, दर शनिवारी येतो, आम्हाला बरं वाटतं, त्याचं काय होतं हे कधी विचारलं नाही.

बडोद्याची_वहिनी
रविवार, सकाळी ९:३०

मला पटलं नाही, स्पष्ट बोलते. घरी यायचं नसेल तर येऊ नकोस, त्याला दोन हजार किलोमीटर कशाला लागतात? स्वतःला नाही म्हणायला शिकायचं वय आहे हे. मी बडोद्यात आले तेव्हा माहेर एका रात्रीवर होतं आणि तरी तीन तीन वर्षं जाणं झालं नाही. अंतर गाडीत नसतं. सर तुझ्यापुढे उलटा वुडकट धरतात ते सोडून जाणार?

अजिंक्यतारा_व्ह्यू
रविवार, सकाळी १०:०५

वहिनींना +१. आणि आजोबांचा विचार कर बाळा.

काळे_बोलपूरवाले
रविवार, सकाळी १०:४०

वहिनींचं तत्त्व बरोबर आहे पण सगळ्यांना जमत नाही. मी पण "नाही" म्हणायला शिकलो ते रिझर्व्हेशन मिळत नव्हतं म्हणून. आजी गेली तेव्हा मी तिकडं होतो. तिसऱ्या दिवशी पोहोचलो. ते आयुष्यभर राहणार आहे हे लपवत नाही. कलकत्त्याहून विमान असतं, तेवढे पैसे वेगळे काढून ठेव, त्याला हात लावू नकोस. मी ठेवले नव्हते.

खिळेवाला
गुरुवार, रात्री ९:२०

उशीर झाला उत्तर द्यायला. बुधवारी सेतूवाले भाऊ म्हणाले तशी बडोद्याची भरली, हात थरथरत होता, वाटलं झालं आता, राहू दे. आज दुपारी शांतिनिकेतनची पण भरली आणि बडोद्याला रद्दचा ईमेल केला, तारीख घालून. वहिनी, रागावू नका, दिवाळीत आम्ही सगळेच येतो बडोद्याला, ती नंदलालांची चित्रं बघायला. जेवण तुमच्याकडंच.

ते डिस्प्लेचं मला माहीत नव्हतं. आत्याबाईंचं नाव कुठलं दुरुस्त केलं ते आठवतंय मला, "सुशिला"चं "सुशीला". त्याच पत्रिकेचे पैसे अजून यायचेत.

वडलांना सांगायचं काम माझ्याकडं होतं. मला वाटलेलं रडतील, जेवणार नाहीत. त्यांनी विचारलं किती वर्षं, मी म्हटलं दोन. म्हणाले १९६५ ला मी हे ट्रेडल मुंबईहून आणायला गेलो तर परत यायला दोन महिने लागलेले, माझी आई काय मेली नाही. मग विचारलं, तिकडं खिळे कसले? म्हटलं आबा तिकडं लिपी वेगळी, बंगाली. काळे साहेबांचं वाचलेलं डोक्यात होतं म्हणून सांगितलं की त्यांच्यात ळ नसतो.

हे काही त्यांना खरं वाटेना. ळ शिवाय पत्रिका छापतात कशी? आमच्याकडं सगळ्यात आधी झिजायचा तो ळ. प्रत्येक पत्रिकेत दोनदा ठरलेला, स्थळ आणि वेळ. सोळा पॉईंटात तर कायम कमी पडायचा, मग उसना आणायला मला कोरेगावला पिटाळायचे.

संध्याकाळी काठी टेकत मागच्या खोलीत गेले. तिला केस उतरवायला लावली. धूळ, पाली, काय विचारू नका. म्हणाले यातला पाहिजे तो घेऊन जा, जड असतात, जास्त घेऊ नको. तिनं बाकी कशाला हात लावला नाही, ळ च्या खणातले होते तेवढे सगळे काढले, चौदा निघाले, त्यातले पाच पार झिजलेले. आपल्या पेन्सिलीच्या डबीत भरले. वडील म्हणाले आता आपल्याकडं काय राहिलं? ती म्हणाली तुम्ही आता फ्लेक्स छापता आबा, कॉम्प्युटरमधे भरपूर आहेत.

सेतूवाला
गुरुवार, रात्री ९:४१

केंद्राच्या फॉरमॅटचा दाखला काढला का? प्रांत ऑफिसला आठवडा जातो.

अजिंक्यतारा_व्ह्यू
गुरुवार, रात्री ९:५५

आणि आझाद हिंदचं तिकीट लगेच बघा, कायम वेटिंगला असते. दोघं जाणार का तिघं?